वादळाच्या मागे धावणारी माणसे

वादळाची सूचना मिळताच सुरक्षित आसरा गाठावा, असा सर्वसाधारण नियम आहे. अमेरिकेतील ओक्लाहोमा, कॅन्सस, टेक्सास या राज्यांत मात्र दर वसंत ऋतूत काही मोटारी नेमक्या उलट दिशेने धावताना दिसतात. त्यांत वैज्ञानिक असतात, वृत्तवाहिन्यांचे छायाचित्रकार असतात आणि निव्वळ हौशी मंडळीही असतात. ‘स्टॉर्म चेसर’ या नावाने ती ओळखली जातात.

ही मंडळी ज्याच्या मागे लागतात ते वादळ म्हणजे टोर्नेडो. बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरलेले असते आणि उपग्रह त्याचा मागोवा अनेक दिवस घेऊ शकतात. टोर्नेडो हा गडगडाटी मेघातून जमिनीपर्यंत उतरलेला हवेचा भोवरा. त्याची रुंदी बहुधा काही शे मीटर, आयुष्य बहुतेक वेळा काही मिनिटांचे. शिवाय पृथ्वीच्या वक्रतेमुळे दूरवरच्या रडारचा झोत मेघाच्या वरच्या भागातून जातो. जमिनीलगत काय चालले आहे ते त्याला दिसत नाही. ते पाहण्यासाठी कोणीतरी जवळ जाणे भाग पडते.

या धावपळीचे मोठे फळ १९७३ साली मिळाले. २४ मे रोजी ओक्लाहोमातील युनियन सिटी या गावावर टोर्नेडो आला, तेव्हा राष्ट्रीय तीव्र वादळ प्रयोगशाळेचे पथक त्याचे चित्रीकरण करीत होते आणि नॉर्मन येथील डॉप्लर रडारही त्याच वादळावर रोखलेले होते. पुढे दोन्ही नोंदी ताडून पाहिल्या असता, भोवरा जमिनीवर उतरण्यापूर्वीच मेघातील फिरत्या वाऱ्याची खूण रडारवर उमटली होती, असे आढळले. अमेरिकेत आज टोर्नेडोची जी पूर्वसूचना मिळते, तिचा पाया या शोधात आहे.

अभियंते टिम समारस यांना याहून पुढे, थेट भोवऱ्याच्या आत मोजमाप करायचे होते. २४ जून २००३ रोजी साउथ डाकोटातील मँचेस्टर गावाजवळ त्यांनी बसक्या शंकूच्या आकाराचे उपकरण टोर्नेडोच्या वाटेत ठेवले आणि ते तेथून निसटले. भोवरा उपकरणावरून गेला, तेव्हा हवेचा दाब १०० मिलिबारने कोसळल्याची नोंद झाली. मँचेस्टर गाव त्याच टोर्नेडोत उद्ध्वस्त झाले.

समारस हे या क्षेत्रात सावधपणाबद्दल ओळखले जात. तरीही ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातील एल रेनोजवळ ते, त्यांचा पुत्र पॉल आणि सहकारी कार्ल यंग यांना मृत्यूने गाठले. टोर्नेडोने अचानक दिशा बदलली होती, वेग वाढवला होता आणि त्याची रुंदी सुमारे ४.२ किलोमीटरपर्यंत पोचली होती. इतका रुंद टोर्नेडो पूर्वी कधी नोंदला गेला नव्हता. रस्त्यांवर त्या वेळी वाहनांची दाटी होती, त्यांत हौशी पाठलागकर्तेही होते. विज्ञानासाठी पत्करलेली जोखीम आणि चित्रफितीसाठी पत्करलेली जोखीम यांची गल्लत होऊ नये, ही चर्चा त्यानंतर अधिक तीव्र झाली.

टोर्नेडोची तीव्रता अधिकृतपणे पडझडीवरून ठरवतात. एल रेनोचा टोर्नेडो मोकळ्या शेतांतून गेल्याने त्याला केवळ ‘ईएफ-३’ ही श्रेणी मिळाली. त्यातील वारे ताशी ४०० किलोमीटरहूनही वेगवान होते, हे कळले ते वाहनांवर बसवून वादळाजवळ नेलेल्या रडारमुळे.