वळवाचा ढग उभा राहतो कसा

वळवाचा ढग लांबून वाहत येतोच असं नाही. सोलापूर-मराठवाड्याकडे तो पुष्कळदा डोक्यावरच तयार होतो. दुपारी दोनला कोरं असलेलं आकाश पाचपर्यंत काळंकुट्ट होतं आणि साडेपाचला घरांवरचे पत्रे वाजायला लागतात. एवढा मोठा ढग इतक्या थोड्या वेळात उभा राहतो, तो कशाच्या जोरावर?

सुरुवात जमिनीपासून होते. उन्हानं माती तापते, मातीमुळे तिला लागून असलेली हवा तापते. तापलेली हवा हलकी होऊन वर निघते. वर दाब कमी, म्हणून ती पसरते, आणि पसरण्यात तिची उष्णता खर्ची पडते. दर किलोमीटरला ती सुमारे १० अंशांनी थंड होते. एवढंच घडलं, तर थोड्याच वेळात ती भोवतालच्या हवेइतकी गार होईल आणि तिचं चढणं थांबेल. मे महिन्यातल्या कित्येक दुपारी नेमकं हेच होतं. दिवसभर जीव घामाघूम होतो, चार पांढरे ढग दिसतात आणि संध्याकाळी तेही विरून जातात.

म्हणजे नुसतं ऊन पुरत नाही, बाष्प लागतं. अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरावरून आलेले दमट वारे राज्याच्या अंतर्भागात पोहोचले, की चित्र बदलतं. वर चढणाऱ्या हवेतलं बाष्प एका विशिष्ट उंचीवर धूलिकणांभोवती थेंबांच्या रूपात गोळा होऊ लागतं. ढगाचा तळ सपाट दिसतो, तो याच उंचीवर.

बाष्पाचं पाणी होताना त्यात दडलेली उष्णता बाहेर पडते. एक लिटर पाण्यामागे ती साधारण २५ लाख ज्यूल असते. तेवढ्या उष्णतेत सहा लिटर बर्फगार पाण्याला उकळी फुटेल. आणि एका चौरस किलोमीटरवर १० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी एक कोटी लिटर भरतं! या उष्णतेमुळे ढगातली हवा पूर्वीपेक्षा सावकाश थंड होते, भोवतालच्या हवेपेक्षा उबदार राहते आणि आपल्याच बळावर चढत जाते. ढगाचं खरं इंधन हे आहे. ऊन फक्त काडी लावतं.

चढत्या हवेचा हा झोत किती जोरकस असतो, ते अमेरिकी वैमानिक विल्यम रँकिन यांनी अंगावर झेललं. १९५९ साली इंजिन बंद पडल्यावर त्यांनी सुमारे १४ किलोमीटर उंचीवरून उडी घेतली, ती थेट गडगडाटी ढगात. एरवी दहाएक मिनिटांत ते जमिनीवर आले असते. ढगानं त्यांना पुन्हा पुन्हा वर फेकलं आणि उतरायला ४० मिनिटं लागली. ते वाचले. गारांच्या वाट्याला हेच येतं. हेलकावे खात त्यांच्यावर बर्फाची पुटं चढतात आणि झोताला वजन पेलेनासं झालं, की त्या कोसळतात. बर्फाचे लहानमोठे कण एकमेकांवर आपटून विद्युतभार साठतो, तो विजेच्या रूपात मोकळा होतो.

साधारण १५-१६ किलोमीटरवर ढगाला स्थितांबराचं छत लागतं. तिथली हवा आणखी वर जाऊ देत नाही, त्यामुळे माथा ऐरणीसारखा आडवा पसरतो.

ढग संपतो, तो स्वतःच्याच पावसानं. पडणारे थेंब हवेला खाली ओढतात, वाटेत त्यांचं बाष्पीभवन होऊन ती आणखी गार आणि जड होते. चढत्या झोताचा दाणापाणी तुटतो; एकट्या ढगाचा हा सगळा खेळ साधारण तासाभराचा. पण ती गार हवा जमिनीवर आदळून चहूकडे सुसाट सुटते. पावसाआधी येणारी वावटळ आणि धूळ ही तिचीच. १३ मे २०२४ रोजी मुंबईत धुळीचं असंच वादळ आलं आणि घाटकोपरला महाकाय जाहिरातफलक कोसळून १७ जणांचा जीव गेला.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजेची सूचना देतं. ते फोनमध्ये असू द्यावं. गडगडाट ऐकू आला, की झाडाखाली न थांबता पक्कं घर किंवा बंद मोटार गाठावी आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी शेतात उतरू नये.