ट्रंकेतल्या तबकडीपासून मेमरी कार्डापर्यंत

बारामती किंवा इंदापुरात मोबाइलच्या दुकानात जाऊन ‘जुन्या लावण्या भरून द्या’ एवढं म्हटलं, की चहा संपायच्या आत दोनशे गाणी कार्डात येतात. गळीत हंगामात माळेगाव, सोमेश्वर किंवा भवानीनगरच्या कारखान्याबाहेर उसाच्या ट्रॅक्टरची रांग लागते, तेव्हा हीच कार्डं रात्रभर वाजतात. आशाबाई, सुलोचनाबाई, मध्येच प्रल्हाद शिंदे. ऐकणाऱ्याचा जन्म बहुधा ही गाणी निघाल्यानंतर तीस-चाळीस वर्षांनी झालेला असतो.

मग साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचा तो आवाज या नखाएवढ्या कार्डात आला कसा? मधे बऱ्याच जणांचे हात लागले, आणि प्रत्येकाने काही ठेवलं, काही टाकलं. ती वाट एका तबकडीच्या मागोमाग चालत पाहू. समजा, इंदापूर तालुक्यातल्या एखाद्या जुन्या घरात ट्रंक उघडली आणि खाली ‘सांगत्ये ऐका’ची कुत्राछाप तबकडी निघाली. अनंत माने यांचा हा चित्रपट १९५९चा. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो जवळपास अडीच वर्षं चालला. त्यातली बुगडीची लावणी गदिमांनी लिहिली, वसंत पवारांनी चाल दिली, आशा भोसले यांनी गायली आणि जयश्री गडकर तिच्यावर नाचल्या.

तीन मिनिटांचं माप

ही तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं मावतात. फडावरची लावणी अशी घड्याळाकडे बघून होत नाही. एकेका ओळीवर अदाकारी होते, दाद येते, दौलतजादा होतो, तीच ओळ पुन्हा घेतली जाते. तबकडीसाठी हे सगळं कापावं लागलं. चित्रपटातलं गाणं आणि तबकडीवरचं गाणं यांतही कधी कडव्याचा, कधी मधल्या संगीताचा फरक असतो. म्हणून ‘मूळ गाणं’ म्हणताना कोणतं मूळ, हे आधी ठरवावं लागतं.

याचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण म्हणजे गीतरामायण. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ते आठवड्याला एक गीत याप्रमाणे प्रसारित झालं, तेव्हा माणिक वर्मा, राम फाटक असे वेगवेगळे आवाज त्यात होते. पुढे ज्या तबकड्या घरोघर पोचल्या, त्यांत सगळी ५६ गीतं सुधीर फडके यांच्या एकट्याच्या आवाजात आहेत. आज आपल्या कानात जे ‘मूळ’ बसलं आहे, ते रेडिओवरचं पहिलं नव्हेच.

चांगली प्रत शोधणं

जुनं गाणं नव्याने काढायचं तर पहिलं काम म्हणजे मूळ ध्वनीच्या जास्तीत जास्त जवळची प्रत मिळवणं. यासाठी तबकडी कशी बनायची, हे थोडं पाहावं लागतं. गायकाचा आवाज आधी मऊ पृष्ठभागाच्या चकतीवर कोरला जाई. त्या चकतीवर विजेच्या साह्याने धातूचा थर चढवत. तो सोलून काढला की खाचेच्या जागी उंचवटा असलेला उलटा साचा मिळे. त्यावरून सुलटा साचा काढत, त्याला ‘मदर’ म्हणत. मदरवरून पुन्हा उलटे ठसे निघत आणि त्या ठशांत लाखेचा गरम लगदा दाबून तबकड्या तयार होत. ग्रामोफोन कंपनीचा हा कारखाना कलकत्त्याजवळ डमडमला होता. पुण्या-मुंबईत गायलेलं गाणं साच्यातून दाबून यायचं ते तिथून. हीच कंपनी २००० साली सारेगामा झाली.

आता उतरंड लक्षात येईल. मदर शाबूत असेल तर उत्तम, कारण ती सुलटी असल्याने थेट वाजवता येते. १९५०च्या दशकात चुंबकीय फीत रुळू लागली होती. ती टिकली असेल तर तीही चांगली. दोन्ही नसतील, तर एखाद्या संग्राहकाकडची कमी वाजलेली तबकडी. ती शोधायला लोक पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोरबाजारात वर्षानुवर्षं फिरले आहेत. मुंबईत १९९०च्या सुमारास सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स उभी राहिली आणि तिने अशा संग्राहकांना एकत्र आणलं. कंपनीच्या कपाटात नसलेलं गाणं अशा एखाद्याच्या खाटेखाली सापडतं, हे जगभरचं चित्र आहे.

सगळ्यात वाईट प्रत कोणती? तबकडीवरून कॅसेट, कॅसेटवरून दुसरी कॅसेट, तीवरून एमपी३ अशी उतरत आलेली. फितीवरून फितीवर उतरवताना दर वेळी सू-सू असा आवाज वाढतो आणि वरचे बारीक स्वर कमी होतात. आपल्या कार्डातली बरीच गाणी या चौथ्या हाताच्या मालातली आहेत.

सुई, वेग आणि पट्टी

प्रत मिळाली की ती धुतात. मग योग्य सुई लावतात. ७८च्या तबकडीची खाच नंतरच्या, जास्त वेळ वाजणाऱ्या एलपीपेक्षा बरीच रुंद; तिची सुई टोकाशी साधारण ७५ मायक्रॉनची, तर एलपीची २५च्या आसपास. एलपीची सुई ७८वर ठेवली तर ती खाचेच्या तळाशी घसरते आणि तिथला कचरा ऐकवते. जुन्या फोनोच्या लोखंडी पिना खाचेच्या भिंती झिजवून गेलेल्या असतात. पण झीज सगळीकडे सारखी नसते. वेगवेगळ्या मापाच्या सुया लावून पाहिल्या, तर एखादी सुई भिंतीच्या न झिजलेल्या पट्टीवर बरोबर टेकते आणि आवाज एकदम मोकळा होतो.

पुढचा प्रश्न वेगाचा. १९५९पर्यंत ७८ हा आकडा बराचसा पक्का झाला होता. त्याआधीच्या, विशेषतः पहिल्या दोन-तीन दशकांतल्या तबकड्यांच्या बाबतीत तसं नव्हतं. लेबलवर ७८ असलं तरी मुद्रणाच्या वेळी यंत्र कमी-जास्त वेगाने फिरत असे. इथे गणित सोपं आहे. वेग सुमारे सहा टक्के वाढला, म्हणजे ७८च्या जागी साडेब्याऐंशी झाला, की सूर पेटीवर एक पट्टी वर जातो. काळी एकची गायिका पांढरी दोनमध्ये ऐकू येते, ठेका धावतो आणि आवाज पोरसवदा वाटतो. म्हणून हे काम करणारा माणूस शेजारी पेटी ठेवतो. साथीची पेटी दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी बोलत असेल, तर वेग चुकला आहे हे नक्की.

यानंतर ध्वनी संगणकात घेतात. जतनासाठी ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिट हे माप चांगलं मानलं जातं. ही मूळ फाइल जशीच्या तशी बाजूला ठेवतात. पुढची सगळी काटछाट तिच्या नकलेवर.

खरखर किती काढायची

दोष तीन प्रकारचे. चऱ्यामुळे येणारी ‘टक्-टक्’, लाखेच्या खडबडीतपणामुळे येणारी सततची खरखर, आणि पार्श्वभूमीचा सू-सू. ‘टक्’ हा क्षणाच्या अगदी लहान तुकड्यापुरता असतो. संगणक तो तुकडा कापून आजूबाजूच्या ध्वनीवरून भरून काढतो. हे काम सुरक्षित. खरखर आणि सू-सू मात्र गाण्याच्या अंगभर पसरलेली असते. ती पुसताना गाणंही थोडं पुसलं जातं.

लावणीत हा धोका जास्त आहे. घुंगरांची छनछन, तुणतुण्याच्या तारेची टोकदार टणटण, ढोलकीच्या शाईवरची टिचकी हे सगळं याच वरच्या पट्ट्यात असतं, जिथे खरखर राहते. यंत्राला घुंगरू आणि खरखर यांतला फरक फारसा कळत नाही. बेताने न वापरलं तर तबकडी स्वच्छ होते आणि बाई पाण्याखालून गायल्यासारख्या वाटतात. थोडी खरखर राहिलेली बरी. कान दोन मिनिटांत तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. पुसलेलं घुंगरू मात्र परत येत नाही.

दुसरं टोक झंकार बीट्सचं. कॅसेटच्या जमान्यात जुन्या गाण्यावर नवे ड्रम चढवून ते विकायची टूम निघाली. मिरवणुकीला ते बरं असेल, पण ते पुनर्मुद्रण नव्हे. तो जुन्या वाड्यावर चढवलेला पत्रा आहे.

बारा गाणी कोण निवडतं?

एक गाणं तयार झालं. संग्रहात ते कुणाच्या शेजारी बसवायचं? हा प्रश्न तांत्रिक वाटत नाही, पण परिणाम सगळ्यात मोठा याचाच. एलपीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून बारा गाणी. शेकडो तबकड्यांतून बारा निवडली, की उरलेली हळूहळू विसरली जातात.

अमेरिकेत १९५२ साली हॅरी स्मिथ या संग्राहकाने स्वतःच्या जुन्या तबकड्यांतून ८४ लोकगीतं आणि ब्लूज निवडून सहा एलपींचा संच काढला. पुढच्या पिढीतले गायक त्यावर वाढले. रॉबर्ट जॉन्सन या ब्लूज गायकाने १९३६-३७ मध्ये २९ गाणी ध्वनिमुद्रित केली आणि १९३८ मध्ये तो वारला. १९६१ साली त्याच्या निवडक गाण्यांची एलपी निघाली, तेव्हा कुठे तो जगाला माहीत झाला. संग्रहाने मेलेल्या माणसाला नाव मिळवून दिलं.

आपल्याकडे लावणीच्या संग्रहांत चित्रपटातल्या लावण्यांची गर्दी असते, कारण कंपन्यांकडे त्यांचेच हक्क आणि त्यांचेच साचे होते. चौफुल्याच्या कलाकेंद्रांत किंवा यात्रेतल्या तंबूत जे गायलं गेलं, त्यातलं फार थोडं तबकडीवर आलं. जे आलं नाही ते संग्रहात येणार कुठून? २०१७ साली सारेगामाने पाच हजार गाणी भरलेला कारवां नावाचा रेडिओसारखा डबा काढला, पुढे मराठी कारवांही आला. बाराची मर्यादा गेली. पण कपाट तेच राहिलं.

हक्क कुणाचा?

भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क, ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. आपल्या ट्रंकेतली तबकडी १९५९ साली बाजारात आली असं धरलं, तर त्या मुद्रणावरचा हक्क २०१९च्या अखेरीस संपला. म्हणून ती कुणीही छापावी का? नाही. शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे असतात, आणि ते कर्त्याच्या निधनानंतर ६० वर्षं टिकतात. गदिमा डिसेंबर १९७७ मध्ये गेले; म्हणजे शब्दांवरचा हक्क २०३७च्या अखेरपर्यंत. एकाच गाण्याची तीन कुलपं वेगवेगळ्या वर्षी उघडतात.

युरोपात पूर्वी ध्वनिमुद्रणाला ५० वर्षंच संरक्षण होतं. २०१३पासून ते ७० झालं, पण तोवर मोकळी झालेली मुद्रणं मोकळीच राहिली. १९५०च्या दशकातल्या अमेरिकी पॉप, ब्लूज गाण्यांचे स्वस्त संग्रह युरोपातून भाराभर निघतात ते यामुळे.

दुसऱ्या गायकाकडून तेच गाणं गाऊन घ्यायचं, ही आणखी एक वाट. भारतीय कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी पाच वर्षं थांबावं लागतं, मानधन आगाऊ भरावं लागतं आणि ही नवी आवृत्ती आहे हे वेष्टनावर लिहावं लागतं. कार्डावर वेष्टनच नसतं, त्यामुळे आशाबाईंच्या नावाखाली कोण गातंय हे कळायला कानच हवा.

नाव कुठे गेलं?

शेवटी लेबल. १९४९च्या ‘महल’ चित्रपटातल्या गाण्याची तबकडी प्रथम निघाली तेव्हा तिच्यावर गायिका म्हणून ‘कामिनी’ हे पडद्यावरच्या पात्राचं नाव होतं. आवाज लता मंगेशकरांचा. चांगल्या पुनर्मुद्रणात अशी चूक दुरुस्त होते; गायक, कवी, संगीतकार, चित्रपट, वर्ष आणि मूळ तबकडीचा क्रमांक दिलेला असतो. ढोलकी कुणाची, हेही शक्य तिथे. मेमरी कार्डावर यातलं काहीच येत नाही. ‘लावणी ०४७’ एवढंच येतं.

तेव्हा बारामती-इंदापूरकडच्या वाचकांना एक सांगणं. घरात जुनी तबकडी निघाली तर भंगारात देऊ नका आणि स्पिरिटने पुसू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. लेबल भिजू न देता शुद्ध पाण्याने, मऊ कापडाने पुसा. आडव्या थप्पीत न ठेवता उभ्या ठेवा. घरच्या फोनोवर ‘एकदा वाजवून बघू’ म्हणून लोखंडी पिन लावू नका. त्याऐवजी मोबाइलने दोन्ही बाजूंच्या लेबलचा आणि गाणं संपतं तिथे कोरलेल्या बारीक क्रमांकाचा फोटो काढा, आणि ती घरात कुणी, कुठून आणली हे आजीला विचारून एका कागदावर लिहून सोबत ठेवा. बाकीचं काम यंत्रं करतील. एवढं काम घरातल्या माणसालाच करावं लागतं.