माळ्यावरचे पत्र : टाकावे की ठेवावे?

कोलाडकडे पावसाळ्याच्या तोंडावर कौलारू घरे शाकारायला काढतात, तेव्हा माळ्यावरचे सामान खाली उतरते. समजा, त्यातील पत्र्याच्या ट्रंकेत तुम्हाला पणजोबांच्या नावचे एक पत्र सापडले. कागद पिवळा पडलेला, घडीवर चिरलेला. आजी म्हणते, "कुंडलिकेत सोडून द्या." काका म्हणतात, "लॅमिनेशन करून आणू." कोणाचे ऐकावे?

आधी पत्राचे वय पाहू. शिक्का स्वच्छ असेल तर तारीख मिळेलच. नसेल तर पत्ता वाचा. 'जिल्हा कुलाबा' असे लिहिले असेल, तर ते बहुधा १९८१ पूर्वीचे. त्या वर्षी जिल्ह्याचे नाव रायगड झाले. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. तिकिटावरील किंमत आण्यांत असेल, तर तिकीट एप्रिल १९५७ पूर्वी छापलेले आहे. तिकीट मात्र सोलून काढू नका. ते पत्राचा पुरावा आहे.

आता कागद पिवळा का पडतो? कागद म्हणजे सेल्युलोजच्या लांब लांब साखळ्यांचे जाळे. लाकडाच्या लगद्यात सेल्युलोजबरोबर लिग्निनही असते. हवा आणि प्रकाश लागला की ते पिवळे पडते. शाई फुटू नये म्हणून कारखान्यात कागदाला राळ आणि तुरटीसारखा क्षार लावत. त्यातून आम्ल तयार होते, ते सेल्युलोजच्या साखळ्या तोडते आणि कागद ठिसूळ होतो. दमट हवेत हे काम जोरात चालते, शिवाय बुरशी धरते. कोकणातला पावसाळा म्हणूनच कागदाचा वैरी!

शाईचेही तसेच. हिरड्यासारख्या तुरट फळांचा अर्क आणि हिराकस यांची शाई आम्लधर्मी असते. ती कधी कधी कागदच खाते. फाउंटन पेनच्या रंगीत शाया उन्हाने विटतात. पण काजळी आणि डिंक यांची जुनी शाई कार्बनची असल्यामुळे उन्हाने उडत नाही. पाणी लागले तर मात्र ती पसरू शकते. म्हणूनच चिंध्यांपासून केलेल्या हातकागदावरचे पेशवेकालीन मोडी पत्र आपल्या पणजोबांच्या पत्रापेक्षा ठणठणीत असू शकते!

अशी पत्रे घराघरांतच सापडली आहेत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरे तपासत. १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला. त्यातील पानिपतच्या काळातली पत्रे वाईच्या एका वाड्यात मिळाली होती. ती कोणी कृष्णेत सोडली असती तर?

तेव्हा आजीचा उपाय नको. पण काकांचाही नको. लॅमिनेशनमध्ये उष्णतेने प्लॅस्टिक कागदाला कायमचे चिकटते. चिकटपट्टीचा गोंद धाग्यांत मुरतो आणि तपकिरी डाग पडतो. सोपा नियम लक्षात ठेवा : जे पुन्हा पूर्ववत करता येणार नाही, ते पत्राला करू नये.

मग करावे काय? हात धुऊन, कोरडे करून पत्र सपाट टेबलावर उघडा. घडी अडली तर ओढू नका. दोन्ही बाजूंचा फोटो फ्लॅशशिवाय घ्या. मजकूर वहीत उतरवा. मोडी असेल तर जाणकाराला दाखवा. 'कोठे, केव्हा सापडले' ही नोंद वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने करा. पत्र आम्लरहित कागदाच्या पाकिटात घालून कपाटात ठेवा. माळ्यावर किंवा ओल्या भिंतीशी नको. गोधडीला ऊन दाखवावे, पत्राला नाही. वर्षातून एकदा कसर लागली आहे का, ते पाहा.

पत्र घरगुती असेल, तर ते कोणाला दाखवायचे हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून ठरवा. जमिनीचा, गावाचा किंवा एखाद्या जुन्या घटनेचा त्यात उल्लेख असेल, तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या, १९१० पासून हेच काम करणाऱ्या संस्थेला विचारता येईल.

करून पाहा : वर्तमानपत्राची एक पट्टी अर्धी पुठ्ठ्याखाली झाकून आठवडाभर उन्हात ठेवा. मग दोन्ही भागांचे रंग ताडून पाहा. पत्र कपाटात का ठेवायचे, ते आजीला आणि काकांना ती पट्टीच सांगेल.