दिवाळीच्या सुट्टीत ‘ह्वे’? तारखा बदला!

व्हिएतनाममधलं ह्वे १८०२ ते १९४५ पर्यंत न्गुयेन राजघराण्याची राजधानी होतं. दिवाळीच्या सुट्टीत तिथे जायचा बेत असेल, तर आधी हवामान पाहा. आपल्याकडे पाऊस सरतो तेव्हा तिथे तो जोर धरतो. ईशान्येचे बाष्पभरले वारे डोंगरांना अडतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परफ्यूम नदीला अनेकदा पूर येतो. फेब्रुवारी ते एप्रिल उत्तम.

राजवाड्याला अर्धा दिवस हवाच. १९६८च्या लढाईत बराच भाग उद्ध्वस्त झाला, म्हणून मध्येच रिकामी मैदानं दिसतात. मिन्ह मांग, खाय दिन्ह या सम्राटांच्या समाध्या शहराबाहेर आहेत. त्यांना वेगळा दिवस ठेवा.

दा नांगहून रेल्वेनेच या. उजवीकडची खिडकी पकडा, हाय वान घाटात समुद्र दिसतो. शाकाहारी असाल तर ‘चाय’ची पाटी शोधा. तिथे चहा नव्हे, बौद्ध पद्धतीचं शाकाहारी जेवण मिळतं.