लाल देवळाच्या आवारातील स्मारक

पूर्वजांच्या स्मृत्यर्थ वास्तू उभारण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. जालना जिल्ह्यात गावोगावी समाध्या आणि दर्गे आहेत. जालना येथे पूर्वी लष्करी छावणी होती. अशा स्मारकांकडे वास्तू म्हणून कसे पाहावे, हे समजण्यासाठी पुण्याच्या छावणी भागातील एक उदाहरण उपयोगी पडते.

बगदादहून १८३२ साली मुंबईस आलेले व्यापारी डेव्हिड ससून यांनी पुण्यात ज्यू प्रार्थनामंदिर बांधण्याचे काम १८६३ मध्ये सुरू केले. काम चालू असतानाच, १८६४ मध्ये, पुण्यातच त्यांचे निधन झाले. मंदिर १८६७ मध्ये पूर्ण झाले. त्याच आवारात ससून यांची स्वतंत्र समाधी आहे. मंदिराचे नाव ‘ओहेल डेव्हिड’, म्हणजे डेव्हिडचा तंबू. हिब्रू परंपरेत थोर व्यक्तीच्या कबरीवरील वास्तूसही ‘ओहेल’ म्हणतात. पुणेकर मात्र तांबड्या विटांमुळे त्याला ‘लाल देऊळ’ असेच म्हणतात.

या वास्तूचे आराखडे हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या लष्करी अभियंत्याने केले. ससून यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या पुण्याच्या रुग्णालयाचे शिल्पकारही तेच होत. मंदिराची शैली युरोपातील गॉथिक चर्चसारखी असून त्याला सुमारे ९० फूट उंचीचा घड्याळाचा मनोरा आहे. त्यामुळे अनोळखी माणसास ते चर्च वाटते. समाधीही गॉथिक धर्तीचीच आहे.

गॉथिक शैलीचे मर्म तिच्या टोकदार कमानीत आहे. अर्धवर्तुळाकार कमान आपला भार बाजूंना अधिक ढकलते. टोकदार कमान तो अधिक सरळ खाली उतरविते. त्यामुळे खिडक्या उंच करता येतात व आत प्रकाश भरपूर येतो. या मंदिरात तांबड्या विटेला दख्खनच्या काळ्या दगडाची जोड आहे. शैली परकी, पण दगड आपल्याच मातीतला, असा हा मेळ आहे.

समाधी मंदिराच्या आत नसून बाहेर आवारात आहे, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. ज्यू धर्मशास्त्रानुसार मृतदेहाच्या संपर्कामुळे धार्मिक अशौच येते. म्हणून दफनभूमी सामान्यतः प्रार्थनास्थळापासून अलग ठेवतात. येथे एकाच आवारात दोन्ही आहेत, पण वास्तू निरनिराळ्या आहेत. स्मरण आणि उपासना यांतील अंतर बांधकामानेच राखले आहे.

ग्रामपंचायतींनी यातून काय घ्यावे? जुन्या समाधीची डागडुजी करताना सिमेंटचा गिलावा व तैलरंग सर्रास वापरला जातो. हेतू चांगला असतो, परंतु चुन्यात बांधलेल्या भिंतीतील ओल सिमेंटमुळे आतच कोंडते आणि दगड-वीट झिजू लागते. चुन्याचाच वापर, पावसाच्या पाण्याचा नीट निचरा, आणि वड-पिंपळाची रोपे लहान असतानाच काढणे, एवढ्याने पुष्कळ वास्तू वाचतील. राज्य संरक्षित स्मारकांसाठी १९६० चा अधिनियम आहे. पण ज्यांची नोंद कोणत्याही यादीत नाही, अशा स्मारकांचे रक्षण गावालाच करावयाचे आहे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी गावातील स्मारकांची मापे, शिलालेख व आठवणी टिपून ठेवल्यास त्या कामाचा आरंभ होईल.