आधी कॅमेरा सांगा

लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्यांत हल्ली एक तक्रार हटकून ऐकू येते. मशीन नवं घेतलं, लाखाच्या घरात पैसे गेले, पोरं त्यावर गेम झकास खेळतात. पण हळदीच्या क्लिपा टाइमलाइनवर टाकल्या की चित्र अडखळायला लागतं. लाख रुपयांच्या मशीनला हळद झेपत नाही हे ऐकायला गमतीचं वाटतं. ज्याला सोमवारी पार्टीच्या हातात व्हिडिओ द्यायचा असतो, त्याला वाटत नाही.

या तक्रारीचं मूळ पाहायचं तर ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोड गाठावा. कागदोपत्री हा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. गव्हर्नर लॅमिंग्टन मुंबई सोडून गेला १९०७ मध्ये, दुकानदारांच्या तोंडून अजून गेलेला नाही. इथे काउंटरवर पहिला प्रश्न ठरलेला असतो: बजेट किती? आकडा सांगितला की तेवढ्या किमतीचा ‘गेमिंग पीसी’ कागदावर उतरतो, रंगीत दिव्यांसकट.

एका अरुंद दुकानात मात्र जोडणी करणाऱ्या पोराने वेगळं विचारलं. समोर कराडहून आलेला एक व्हिडिओवाला होता. घरीच मशीन जोडायचं म्हणून त्याने मोबाइलमध्ये पार्टची यादी आणली होती: आय-फाइव्ह १४४०० एफ, आरटीएक्स ४०६०, डीडीआर-५चा बोर्ड. पोराने यादीवरून नजर फिरवली आणि म्हणाला, “कॅमेरा कुठला, दादा?”

“सोनी. ए-सेव्हन फोर.”

“दहा बिट? चार-दोन-दोन?”

“मग! शालूवर पट्टे दिसतात की नाहीतर.”

“मग हा एफ कशाला घेताय?”

अख्ख्या दुपारच्या व्यवहाराची किल्ली या प्रश्नात होती. कॅमेरा उजेडाची नोंद प्रत्येक पिक्सेलची ठेवतो, रंगाची मात्र काटकसरीने. नेहमीच्या ४:२:० मध्ये चार पिक्सेलमागे रंगाची एक नोंद, ४:२:२ मध्ये दोन पिक्सेलमागे एक. आठ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, दहा बिटमध्ये १०२४. म्हणून रंग खेचताना शालू फाटत नाही. पण हे सगळं एच.२६५ मध्ये दाबून भरलेलं असतं आणि पाहताना दर सेकंदाला उलगडावं लागतं. त्यासाठी खास सर्किट असेल तर प्रोसेसर निवांत. नसेल तर सगळे कोअर राबूनही चित्र अडतं.

इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये असं सर्किट आहे. त्याचं नाव क्विक सिंक, आणि ११व्या पिढीपासून त्याला एच.२६५ मधलं चार-दोन-दोन कळतं. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४० मालिकेपर्यंतच्या कार्डांना ४:२:० येतं, त्याहून भारी ४:४:४ येतं, नेमकं मधलं येत नाही. ते २०२५ मध्ये ५० मालिकेबरोबर आलं. आता यादीतला एफ. हे अक्षर नावापुढे असलं की त्या प्रोसेसरमधलं अंगभूत ग्राफिक्स बंद असतं, म्हणून तो थोडा स्वस्त पडतो. गेमवाल्याचं काही बिघडत नाही, कार्ड त्याच्याकडे असतंच. एडिटर मात्र चार पैसे वाचवून नेमकी आपल्या कामाची वस्तू दुकानातच सोडून येतो.

पोराने हे तोंडाने फारसं समजावलं नाही. व्हिडिओवाल्याच्या पेन ड्राइव्हवरची क्लिप त्याने दुकानातल्या एका एफवाल्या मशीनवर लावली. टास्क मॅनेजरमधला प्रोसेसरचा आलेख छताला टेकला, नवरीचा हात हवेतच थांबला. तीच क्लिप शेजारच्या मशीनवर: तिथे ‘व्हिडिओ डीकोड’ नावाचा छोटा आलेख वर आला आणि हात खाली येऊन हळदीला लागला. कराडकर बराच वेळ नुसता त्या छोट्या आलेखाकडे पाहत होता. “एवढंच?” तो म्हणाला. जुन्या मशीनपायी त्याने किती रात्री प्रॉक्सी फाइली बनवण्यात घालवल्या असतील, ते त्या एका शब्दात ऐकू आलं.

मग यादी बदलत गेली. १४४०० एफच्या जागी १४५००. साधा १४४०० चालला असता, पण त्यात यूएचडी ७३० ग्राफिक्स आणि उलगडणारं इंजिन एक; १४५०० मध्ये यूएचडी ७७० आणि इंजिनं दोन. तीन कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम लावणाऱ्याला हा फरक कळतो. नवं कार्ड पोराने सरळ खोडलं. व्हिडिओवाल्याच्या जुन्या मशीनमध्ये १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० होतंच आणि तो रंगकाम दाविंची रिझॉल्व्हवर करतो. रिझॉल्व्ह कार्डाच्या मेमरीवर जगतं. फोर-केवर नॉइज रिडक्शन लावलं की ८ जीबी बघता बघता भरतात. मालकाच्या कपाळावर आठी उमटली. विक्रीच खोडली होती, उमटणारच.

रॅमचीही तीच गत. जुन्या मशीनमधल्या १६ जीबीच्या दोन डीडीआर-४ पट्ट्या शाबूत होत्या. डीडीआर-४ आणि डीडीआर-५, दोन्हींना २८८ पिना, पण खाच वेगळ्या जागी. एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटचे बोर्ड दोन्ही तऱ्हांचे मिळतात, तेव्हा बी-७६०चा ‘डी-फोर’ बोर्ड घेतला की झालं. एएमडीच्या एएम-५ बोर्डावर ही सवलत नाही, तिथे डीडीआर-५च लागते. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतल्यापासून रॅमचे भाव भडकले आहेत, आणि डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. अशा दिवसांत जुनी चांगली पट्टी फेकायला लावणाऱ्या दुकानदारापासून दूर राहिलेलं बरं.

कूलरची उंची १५५ मिलिमीटर, कॅबिनेटमध्ये तेवढी जागा. टेप लावून मोजलं, संपलं. जुन्या पॉवर सप्लायच्या केबली नव्याला लावायचा विचार मात्र पोराने ठाम मोडून काढला. पार्टच्या बाजूचं टोक सारखं दिसतं, पण सप्लायच्या बाजूची पिनांची मांडणी कंपनीगणिक वेगळी असते. चुकीची केबल लागली तर पहिल्याच चालूला हार्ड डिस्क जळू शकते, आणि हार्ड डिस्कमध्ये लोकांची लग्नं असतात.

विजेचा हिशेब चिठ्ठीच्या पाठीवर झाला. प्रोसेसर जोरात असताना १५४ वॅट, कार्ड १७०, बाकी सामान धरून चारशेच्या आसपास. म्हणून ६५० वॅटचा सप्लाय. पण कराडच्या घरी यूपीएस आहे ६०० व्हीएचा, आणि तसला यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. एक्स्पोर्ट चालू असताना लाइट गेली तर यूपीएसही मान टाकणार. यादीत ही ओळ नव्हतीच. असल्या याद्यांमध्ये ती सहसा नसते.

शेवटची दोन कामं बायोसमधली, ती पोराने कागदावर लिहून दिली. पहिलं, बायोस अद्ययावत करणं: १३व्या-१४व्या पिढीतले काही प्रोसेसर चढ्या व्होल्टेजने कायमचे बिघडत असल्याचं २०२४ मध्ये उघड झालं, तेव्हा इंटेलने मायक्रोकोडच्या दुरुस्त्या दिल्या आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. दुसरं, कार्ड बसवल्यावरही अंगभूत ग्राफिक्स चालू ठेवणं. पुष्कळ बोर्ड कार्ड दिसताच ते आपोआप बंद करतात. मग एफ नसलेला प्रोसेसर घेऊनही चार-दोन-दोन अडखळतंच आणि माणूस दुकानाला शिव्या देतो.

लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीला जाणार असाल, तर यादी मागाहून करा. आधी आपल्या कॅमेऱ्याची, नेहमीच्या सेटिंगवर काढलेली दोन मिनिटांची क्लिप पेन ड्राइव्हवर घ्या आणि दुकानातल्या मशीनवर चालवून दाखवायला सांगा. आणि १८ टक्के जीएसटी वाचवण्यासाठी कच्च्या चिठ्ठीवर माल उचलू नका. वॉरंटी मागायला जाल तेव्हा सीरियल नंबर असलेलं पक्कं बिलच पुढे ठेवावं लागतं.