वीस ग्रॅमची गोळी आणि एक कोटी वर्षं

युरेनियम ऑक्साइडची एक गोळी घेऊ. काळपट, करंगळीच्या टोकाएवढी, वजन जेमतेम २० ग्रॅम. कॅनडातल्या कॅन्डू अणुभट्टीत ही एक गोळी साधारण १,००० युनिट वीज देते. आठ रुपये युनिट धरलं, तर ८,००० रुपयांचं बिल!

थांबू नका, आत्ता कुठे सुरुवात आहे. अशा सुमारे १,१०० गोळ्या ३७ नळ्यांत भरल्या की अर्धा मीटर लांबीचा, २४ किलोचा एक गठ्ठा तयार होतो. तांदळाच्या २५ किलोच्या पोत्याहून हलका. पण वीज ११ लाख युनिट! एवढ्या विजेला आपल्या औष्णिक केंद्रात युनिटमागे ७०० ग्रॅम कोळसा धरा. झाले ७७० टन. म्हणजे पाच गठ्ठ्यांची बरोबरी करायला ५८ वाघिणींची अख्खी मालगाडी लागते.

कॅनडाने आजवर असे ३० लाखांहून अधिक गठ्ठे वापरले आहेत. भागा पाचाने. सहा लाख मालगाड्या! एकेक गाडी ६५० मीटरची. एकामागे एक जोडत जा: ३ लाख ९० हजार किलोमीटर. चंद्र आहे ३ लाख ८४ हजारांवर. इंजिन चंद्र ओलांडून गेलं तरी गार्डाचा डबा इथेच!

आणि हे सगळं इंधन खेटून रचलं तर? एक फुटबॉलचं मैदान आणि दोन मीटरांहून थोडी जास्त उंची. बस्स. संपलं.

एवढं आटोपशीर, पण जवळ जायची सोय नाही. भट्टीतून नुकताच निघालेला गठ्ठा आडोशाशिवाय समोर आला, तर काही मिनिटांत जीवघेणा. मग जमिनीखाली शेकडो मीटर खोल पुरल्यावर पाणी त्याचं काय करील, हे तपासायचं कसं? कॅनडातल्या चॉक रिव्हर अणुप्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या सुमारास जुळा भाऊच घडवला: सिमफ्युएल. युरेनियम ऑक्साइडच्या भुकटीत स्ट्रॉन्शियम, झिर्कोनियम, मॉलिब्डेनम, रुथेनियम, पॅलेडियम, नीओडिमियम अशी ११ मूलद्रव्यं मिसळायची, तीही किरणोत्सारी नसलेली, आणि १,६०० अंशांहून अधिक तापमानात भाजून काढायची. लोखंड १,५३८ अंशांवरच पाणी पाणी होतं! वर्षभर अणुभट्टीत जळून जे व्हायचं, त्याची रासायनिक नक्कल विद्यापीठातल्या टेबलावर येते.

ओंटारिओतल्या वेस्टर्न विद्यापीठात डेव्हिड शूस्मिथ यांच्या गटाने अशा गोळ्यांचे इलेक्ट्रोड करून पाण्यात बुडवले आणि गंजण्याचा माग काढला. गोळीत मायक्रोमीटरएवढे धातूचे कण असतात. केसाच्या जाडीत सत्तर बसतील! पाण्यात हायड्रोजन असला की हेच चिमुकले कण गंज रोखायला मदत करतात.

तरी विरघळतं किती? ते पाहायला आता विहिरीकडे चला. ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात हे युरेनियम लिटरमागे साधारण एक मायक्रोग्रॅम विरघळतं. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्याची मर्यादा ३० मायक्रोग्रॅमची. सहा मीटर व्यासाची, दहा मीटर पाण्याची विहीर घ्या: २ लाख ८० हजार लिटर. त्यात विरघळेल पाव ग्रॅमच्या आसपास. एक गोळी पुरती विरघळवायला साठेक विहिरी!

आणि वेग? श्वास रोखा. जमिनीखालच्या ऑक्सिजनरहित पाण्यासाठी स्वीडनच्या सुरक्षा-गणितात धरलेला आकडा आहे वर्षाला इंधनाचा एक कोटीवा भाग. मुंबई-पुणे लोहमार्ग १९२ किलोमीटर. गोळी पूर्ण विरघळणं म्हणजे पुणे, असं समजा. गाडी वर्षाला दोन सेंटिमीटरही सरकत नाही!

शिवराज्याभिषेकाच्या वर्षी, १६७४ मध्ये, सीएसएमटीहून सुटली असती तर आज सात मीटरही गेली नसती. सातवाहनांच्या काळात, दोन हजार वर्षांपूर्वी सुटली असती तर दोन डब्यांचंही अंतर कापलं नसतं. माणूस नावाचा प्राणी तीन लाख वर्षांचा. तेव्हा सुटलेली गाडी आज भायखळ्याच्या पुढे. दहा लाख वर्षांनी, किरणोत्सार खाणीतल्या युरेनियमच्या पातळीपर्यंत उतरत येतो तेव्हा, कुठे घाटकोपर! कल्याण बाकी, कर्जत बाकी, खंडाळ्याचा घाट बाकी.

आणि अशा गोळ्यांचा गंज मोजणाऱ्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याच्या हातात वेळ किती? पाच वर्षं. तेवढ्यात गाडी सरकते दहा सेंटिमीटर, वीतभरही नाही. तेवढ्यावरून त्याला सांगायचं असतं, ती पुण्याला कधी पोहोचेल!